धूर काढा

‘चिमणी मस्त आलीये. धूर काढा प्लीज.’

एवढाच मेसेज होता. रात्रीचे साडेदहा वाजलेले, दुसऱ्या दिवशी चित्र द्यायचं होतं. मी आपली इमानेइतबारे बसले आणि चिमणीच्या तोंडावरची जी बारीक, जेमतेम दिसणारी रेघ होती तिचा चांगला भरघोस धूर केला. करडा, त्यात थोडा निळा, लालबागच्या आभाळात तिरका पसरत गेलेला. स्वतःवरच खूश होऊन पाठवून दिलं. सकाळी फोन! ‘अहो, काढा म्हणजे काढून टाका हो! वाढवलात काय?’

आता यात चूक कोणाची? चित्र ‘काढायचं’ आणि डाग पण ‘काढायचा’. आपल्या भाषेने ही सोय करून ठेवलीये त्याला मी काय करू. दोघी फोनवर पोट धरून हसलो, मी धूर पुसला आणि चित्र पास झालं.

गोष्ट इथेच संपली असती तर मी लिहायला बसले नसते.

तर झालं असं की मला एका बांधकाम कंपनीचं काम मिळालं होतं. नाव लिहीत नाही, लिहायची गरजही नाही. मुंबईत त्यांचे पाच ठिकाणी पुनर्विकासाचे प्रकल्प चालू होते आणि त्यांच्या सेल्स ऑफिसच्या भिंतीवर प्रत्येक वस्तीचं एकेक मोठं चित्र हवं होतं. इमारतीचं नव्हे. इमारतीची ती चकाचक संगणकी चित्रं (ज्यात प्रत्येक बाल्कनीत एक गोरं जोडपं कॉफी पीत उभं असतं आणि खाली एकही दुचाकी नसते) करणारी वेगळी माणसं असतात. माझ्याकडे आलं ते ‘आजूबाजूचं’. ब्रीफमध्ये शब्द होता ‘कॅरेक्टर’. त्या जागेचं कॅरेक्टर दिसलं पाहिजे. गिरगाव, शिवाजी पार्क, माटुंगा, पार्ले आणि लालबाग. पाच चित्रं, तीन महिने, पैसे बरे. (या पाचपैकी एकाही ठिकाणी घर घेणं मला सात जन्मात जमणार नाही, हे ओघाने आलंच.)

मला हे काम मनापासून आवडलं, हे आधीच कबूल करून टाकते. नाहीतर पुढचं वाचून वाटेल की मी नाक मुरडत होते. अजिबात नाही. सकाळी सातला वही घेऊन बाहेर पडायचं, कुठल्यातरी पायरीवर बसायचं आणि बघायचं. ‘बघायचे’ पैसे कोण देतं हो आजकाल?

शिवाजी पार्कचं चित्र एका फटक्यात पास झालं. कट्टा, झाडं, पांढऱ्या कपड्यातली पोरं, कट्ट्यावर पेपर वाचणारे आजोबा. त्यात वाद घालण्यासारखं काही नसतंच. गिरगावच्या वेळी मात्र त्यांना पाडव्याची शोभायात्रा हवी होती. नऊवारी, नथ, फेटा, बुलेट. मी म्हटलं, अहो तो वर्षातला एक दिवस झाला. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांचं काय? गिरगावातला माणूस सकाळी दूध आणायला जातो, चाळीच्या गॅलरीतून काठीने वरच्या दोरीवर कपडे वाळत घालतो, जिन्याखाली कोणाची तरी सायकल असते, समोरच्या घरातली भांडणं ऐकतो. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून गणपती बसतोय, त्या चाळी अशा बुलेटवर चालत नाहीत. पण वाळत घातलेले कपडे म्हटल्यावर पलीकडे शांतता पसरली. शेवटी तडजोड झाली. बुलेट एक आणि दोरीवर कपड्यांऐवजी कंदील. दिवाळी आणि पाडवा एकाच दिवशी. असो.

माटुंग्याला मजा आली. तिथे मुळातच सगळं आखीव आहे. १८९६ च्या प्लेगनंतर सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला, दाटीवाटीच्या मुंबईतून माणसांना उत्तरेकडे न्यायचं म्हणून दादर-माटुंग्याची आखणी झाली. म्हणजे हे गाव आधी कागदावर ‘काढलं’ गेलं आणि मग माणसं राहायला आली. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं, पाच बागा. पण ज्याला आपण आज माटुंगा म्हणतो, ती फुलांची गल्ली, केळीची पानं, फिल्टर कॉफी, किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरची जुनी पुस्तकं, ते त्या नकाशात कुठेच नव्हतं. ते दक्षिणेकडून आलेल्या माणसांनी येताना आणलं. आखणी करणाऱ्याला कॅरेक्टर आखता येत नाही, एवढं मला त्या पदपथावर तीन दिवस बसून कळलं. इडली पण भरपूर खाल्ली, ते वेगळं.

पार्ल्याने माझी खरी परीक्षा घेतली.

माझं कॉलेजचं वय पार्ल्यावरून लोकलने जाण्यात गेलं. त्या काळात डोळे मिटून बसलेलं असलं तरी पार्लं आलेलं कळायचं, कारण डब्यात बिस्किटांचा वास यायचा. गोड, भाजका, दुधाचा वास. १९२९ साली सुरू झालेला तो कारखाना, २०१६ साली तिथलं बिस्किटांचं उत्पादन बंद झालं आणि वास गेला. आता वास कसा काढणार? (काढणे या शब्दाचा तिसरा घोळ.) मी बऱ्याच युक्त्या केल्या. खिडकीतल्या बायकांची नाकं वर केलेली काढली, एक मुलगा डोळे मिटून हसतोय असा काढला. बघणाऱ्याला वाटायचं सगळ्यांना सर्दी झालीये. सोडून दिलं.

आणि विमान! पार्ल्यात राहणाऱ्या कोणालाही विचारा, वाक्याच्या मध्येच थांबायची सवय त्यांना लागलेली असते. विमान डोक्यावरून जातं, माणूस थांबतो, विमान गेलं की अर्धवट वाक्य तिथूनच पुढे चालू. मला ही सवय फार गोड वाटते. म्हणून मी काय केलं, तर चौकात गप्पा मारणारे चार जण काढले, चौघांची तोंडं बंद, एकाचा हात हवेत थांबलेला आणि वर विमानाचं भलंमोठं पोट. पाच चित्रांतला तो माझा सगळ्यात आवडता तुकडा होता. उत्तर आलं, ‘विमान नको. नॉइज वाटतो.’ खरी गंमत म्हणजे पार्ल्यात इमारती किती उंच करायच्या ते त्या विमानांमुळेच ठरतं. धावपट्टीच्या सरळ रेषेतला पट्टा, ज्याला फनेल झोन म्हणतात, तिथे उंचीवर मर्यादा आहे आणि त्यामुळे कित्येक जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास रखडलाय. म्हणजे विमान त्यांच्या हिशेबाच्या वहीत होतंच, चित्रात तेवढं नको होतं. मी विमान पुसलं. त्या चौघांची तोंडं मात्र बंदच ठेवली. आता ते कोणाच्या तरी सेल्स ऑफिसात कायमचे गप्प उभे आहेत आणि का ते कोणालाच कळत नसणार.

जरा विषयांतर करते. हे काम चालू असताना मी थोडं वाचलं, की जागेचं चित्र काढून घरं विकायची ही आयडिया पहिल्यांदा कोणाची? पहिली कोणाची ते कळलं नाही, पण लंडनचं एक उदाहरण फार मजेशीर आहे. तिथल्या मेट्रोपॉलिटन रेल्वेकडे रुळांच्या कडेची पुष्कळ जास्तीची जमीन होती. त्यांनी शहराच्या वायव्येला पसरलेल्या त्या पट्ट्याला ‘मेट्रो-लँड’ असं नावच देऊन टाकलं. १९१५ ते १९३२ या काळात त्याच नावाची पुस्तिका निघत असे, त्यात फुलांच्या वेली चढलेली कौलारू घरं, शेतं, पाऊलवाटा यांची चित्रं. १९१९ साली घरं बांधायला वेगळी कंपनीही काढली. लोक चित्रं बघून आले, घरं घेतली, आणि इतके लोक आल्यावर शेतं आणि पाऊलवाटा कुठून राहणार! पुढे १९७३ साली जॉन बेट्जमन या कवीने बीबीसीसाठी त्याच नावाची फिल्म केली. तेव्हा मला जरा बरं वाटलं. म्हणजे माझा धंदा जुना आहे. आणि जरा वाईटही वाटलं, म्हणजे तेव्हापासून हे असंच आहे.

आपल्याकडे २०१६ चा रेरा कायदा आहे. त्याच्या बाराव्या कलमात म्हटलंय की जाहिरातीत खोटं काही दाखवलं आणि त्यावर विसंबून गिऱ्हाइकाचं नुकसान झालं तर बिल्डरने भरपाई द्यायची. म्हणून तर ब्रोशरच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात ‘चित्र केवळ कल्पनेसाठी’ असं लिहितात. पण हे सगळं इमारतीपुरतं. तरणतलाव काढला आणि बांधला नाही तर तक्रार करता येते. लालबाग जसं नाही तसं काढलं तर तक्रार कोण करणार?

माझ्या बाबतीत मामाने केली.

मामा म्हणजे आईचा मोठा भाऊ. वेंगुर्ल्याजवळच्या गावातून वयाच्या अठराव्या वर्षी मुंबईला आला, गाववाल्यांच्या खोलीत वीस जणांत राहिला, परळच्या एका गिरणीत आधी बदली आणि मग साचाखात्यात कायम झाला. तीन पाळ्यांचं काम, म्हणून खोलीत झोपायची जागाही पाळीने. एक उठला की त्याच जागेवर दुसरा. लग्न झाल्यावर लालबागला दहा बाय बाराची खोली घेतली. माझ्या लहानपणीच्या मे महिन्याच्या सुट्ट्या त्या खोलीतल्या. एप्रिल-मेमध्ये मिरची गल्लीत मसाला कुटायचे डंक दिवसभर धडधडायचे आणि आम्ही पोरं शिंकून शिंकून हैराण. गणपतीच्या कारखान्यात बिनरंगाचे, बिनहाताचे गणपती उभे असायचे, त्यांची मला भीती वाटायची. हे सगळं मी चित्रात घातलं होतं आणि आश्चर्य म्हणजे हे सगळं पासही झालं. चिवड्याची दुकानं, मसाले, मूर्तिकार. ‘व्हायब्रंट आहे’ म्हणाल्या.

चाळी मात्र नव्हत्या. म्हणजे एक होती, पण मागे, झाडाआड, नुकताच रंग दिलेली. आणि मधोमध चिमणी. चिमणी त्यांनीच मागितली होती. लाल विटांची, उंच, निमुळती. ‘हेरिटेज फील’ येतो. मला त्यात काही खटकलं नाही, चिमणी लालबाग-परळची नाहीतर आणखी कुठली असणार.

दिवाळीच्या आधी मामाकडे बदलापूरला गेले होते. लालबागची खोली त्याने नव्वदच्या दशकात विकली, मुलीच्या लग्नाला. आता मुलाकडे असतो. ब्याऐंशी वर्षांचा आहे, कान कामातून गेलेत (साचाखात्यात उमेदीची सगळी वर्षं काढलेल्या बहुतेकांचे जातात), पण डोळे अजून सुईत दोरा ओवतील असे. मी कौतुकाने टॅबवर चित्र दाखवलं. वाटलं, लालबाग बघून म्हातारा खूश होईल.

त्याने बोटाने चित्र मोठं केलं, इकडेतिकडे सरकवलं. मिरची गल्ली बघितली, मान हलवली. गणपती बघितले. मग चिमणीवर येऊन थांबला तो थांबलाच. मला वाटलं गहिवरला की काय.

‘ह्या संपातला काय गो?’

मी म्हटलं, काय?

‘नाय, संपातली चिमणी काढलंस ती.’

मला खरंच कळेना. मी ओरडून (त्याच्याशी ओरडूनच बोलावं लागतं) म्हटलं, अरे संपाचं नाही, हे असंच, लालबागचं चित्र आहे. आता त्यांनी सांगितलंय.

‘मग धूर खंय? धूर नाय म्हणजे गिरणी बंद. गिरणी बंद म्हणजे संप.’ आणि टॅब माझ्याकडे सरकवत अगदी सहज म्हणाला, ‘धूर काढ.’

मी गप्पच झाले. तोच शब्द, महिन्याभरापूर्वी ज्यावर मी फोनवर खिदळले होते.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मामाचा धाकटा मुलगा चार महिन्यांचा होता. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. दत्ता सामंतांच्या सभांना मामा जायचा. महिनाभरात मिटेल म्हणून सगळे बसले होते, तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. मामीने खानावळ चालवली, पण जेवणारेच संपावर तर पैसे कोण देणार? जून लागला तशी मामाने बायकामुलांना घेऊन गाव गाठलं, लावणी केली, परत आला. हे सगळं मी आईकडून ऐकलेलं. मामा स्वतः कधी बोलला नाही. त्या दिवशी बोलला तेही संपाबद्दल नाही, चिमणीबद्दलच. म्हणाला, खोलीच्या गॅलरीतून तीन चिमण्या दिसायच्या. सकाळी उठून बघायचो. रोज उठून आधी वर बघायचं, कुठल्या चिमणीला धूर आलाय का. कधीतरी कोणीतरी ओरडायचं, अमक्या गिरणीचा बॉयलर पेटला! मग सगळी चाळ गॅलरीत. काही नसायचं, कुठेतरी कचरा जाळलेला असायचा.

‘वर्षभर बघितलंय गो ती तशी, बिनधुराची.’

नंतर त्याने विचारलं, एका चित्राचे किती देतात? मी आकडा सांगितला. त्याने बोटं मोडत हिशेब केला आणि म्हणाला, ‘माझो दीड वर्साचो पगार.’ त्यात टोमणा नव्हता. उलट कौतुक होतं. बहिणीच्या पोरीने नाव काढलं, असं. (चौथा अर्थ. आता मी मोजणं सोडून देते.) मामीला आतून हाक मारून सांगितलं पण. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परत येताना गाडीत बसून मी बराच विचार केला. म्हणजे गिरण्यांच्या जमिनींचं जे झालं ते काय मला माहीत नव्हतं? १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे करायचे होते, एक शहराला मोकळी जागा म्हणून, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली बदल करून ते वाटे फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरते ठेवले आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला. मग वाटायला उरणार किती! २०१२ साली गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची सोडत निघाली, सव्वादोनशे चौरस फुटांची घरं. अर्ज लाखाच्या वर. मामाचा अर्ज त्यात होता, नंबर लागला नाही. पुढच्या सोडतींतही नाही. कागदपत्रांची ती प्लॅस्टिकची पिशवी अजून कपाटात वरच्या खणात आहे, मी लहान असताना शाळेचे दाखले असायचे तशी जपलेली. हे सगळं मला माहीत होतं. तरी धूर पुसताना माझ्या हाताला काही जाणवलं नाही. मला तो रंगाचा प्रश्न वाटला. आकाश स्वच्छ दिसतंय, बरंच झालं, असंच वाटलं मला.

आणि त्या मुलीलाही दोष देता येत नाही. ती नव्वदनंतर जन्मलेली, बोरिवलीची. तिने धूर सोडणारी गिरणी कधी बघितलेलीच नाही. तिच्यासाठी चिमणी म्हणजे मुळातच धूर न येणारी उंच वस्तू. मॉलच्या आवारात उभी असते, तिच्यासमोर लोक फोटो काढतात. ती खोटं सांगत नव्हती, तिला दिसतं तेच सांगत होती. मला दिसत होतं म्हणावं, तर मीही पहिल्या चित्रात जेमतेम एक रेघच काढली होती की.

मी तिला फोन केला. चित्र केव्हाच छापायला गेलं होतं. मी म्हटलं, बारीकसा धूर राहू दे, माझे वेगळे पैसे नकोत. कारणही सांगितलं, मामाचं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘मॅम, आय टोटली गेट इट. पण समोरच शाळेची ॲमेनिटी आहे ना, पेरेंट्स धूर बघून विचारतात.’ यावर काय बोलणार? मी भांडले नाही. पैसे परत केले नाहीत. महिनाअखेरीला जमा झाले तेव्हा बँकेचा मेसेज बघून बरंच वाटलं, घराचं भाडं थकलं होतं.

एक केलं. रात्री साडेदहाला गैरसमजातून जे भरघोस धुराचं चित्र झालं होतं ते मी पुसलेलं नव्हतं, फाइल तशीच होती. त्याची मोठी प्रिंट काढली, मागची चाळ झाडाआडून पुढे आणली, दोरीवर कपडे टाकले आणि बदलापूरला नेऊन दिली.

मामाने ती लगेच भिंतीवर वगैरे लावली नाही. जेवणाच्या टेबलावर पसरली, चष्मा लावला आणि मुलाच्या खिशातलं बॉलपेन मागून घेतलं. मी ‘अरे अरे’ म्हणेपर्यंत त्याने गिरणीच्या भिंतीवर उजव्या बाजूला दोन उभ्या रेघा ओढल्या.

‘गेट चुकला तुझा. गेट हय होता.’ मग गेटच्या बाजूला एक चौकोन. ‘हय पानवालो.’ मग एक गोल. ‘हय चायवालो. पाळी सुटली की हय सगळे.’ धुराकडे बघून मात्र काही बोलला नाही, त्यावर पेनही लावलं नाही. धूर बरोबर असावा.

पुढच्या रविवारी परत जायचंय. रंग घेऊन या म्हणालाय, गेट नीट करायचं आहे आणि पाळी सुटल्यावरची माणसं राहिलीत.